मावशीचं दुसरं नाक

आमच्या मावशीने आयुष्यभर नाकावर पगार घेतला. थट्टा नाही, खरंच. साबणाच्या कारखान्यात एक बिनखिडकीची पांढरी खोली होती, तिला सगळे वासखोली म्हणत. आत एक टेबल, काचेच्या बरण्या आणि टेबलामागे मावशी. साबणाचा नवा घाणा निघाला की त्याचा तुकडा तिच्यापुढे यायचा. ती वाकायची, एकदाच हुंगायची आणि म्हणायची, "पास." नाहीतर म्हणायची, "परत." परत म्हणाली की टायवाले साहेबही निमूट अख्खा घाणा मागे फिरवायचे.

घरीही तिची वासखोली चालूच असायची. जिन्यातूनच तिला कळायचं, पहिल्या मजल्यावर दूध उतू गेलंय आणि दुसऱ्यावर कुणीतरी ओले मोजे तसेच कपाटात टाकलेत. मी लहानपणी तिच्याकडे जायचे तेव्हा दारातच विचारायची, "आज केस नुसते ओले करून आलीस ना?" पोटच्या पोराला, म्हणजे माझ्या मावसभावाला, दादाला, चोरून सिगारेट ओढणं कधी जमलंच नाही. काका म्हणायचे, "हिच्याशी लग्न केलं आणि माझी सगळी गुपितं हवेत गेली."

काका गेले, दादा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला, मावशी निवृत्त झाली. निरोपाला कारखान्याने तिला तिच्या आवडत्या साबणाच्या अत्तराची एक बाटली दिली. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ती एकटी राहायची, आणि मजेत राहायची. स्वयंपाकघराच्या खिडकीतून कारखान्याचं धुरांडं दिसायचं. तिथे स्टूल टाकून ती चहा घ्यायची आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला नावं ठेवायची.

मग तिला एक ताप आला. आठवडाभरात उतरला, पण जाताना वास घेऊन गेला. सगळा. साबणाचा, चहाचा, पावसात भिजलेल्या कोटाचा, स्वतःच्या उशीचा.

तिने हे कुणालाही सांगितलं नाही. वर्षभर आम्हाला ताकास तूर लागू दिली नाही. मी गेले की म्हणायची, "ओळख बघू, कसला वास येतोय?" मला वाटायचं, बाई परीक्षा घेतेय. मी ओळखून सांगायचे आणि ती मान डोलवायची, "बरोबर." मी विज्ञान शिकलेली बाई, पण ती माझ्याकडून माहिती काढून घेतेय हे माझ्या डोक्यातही आलं नाही. फोनवर दादाने विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं, "सगळं ठीक."

एका सकाळी गॅसवर दूध ठेवून ती बाहेरच्या खोलीत बटण शिवायला बसली. दूध उतू गेलं, ज्योत विझली, गॅस सुटत राहिला. खालच्या मजल्यावरचे शिंपीमास्तर गच्चीवर चालले होते, त्यांनी दार बडवलं. मावशी सुई हातात घेऊनच उघडायला गेली आणि वर त्यांनाच झापलं, "केवढ्याने वाजवता! घर डोक्यावर घेतलंत."

मास्तर तिला बाजूला सारून आत धावले. बटण बंद केलं, खिडकी उघडली, खोकत खोकत बाहेर आले आणि म्हणाले, "अहो, वास नाही आला? तुम्हाला?"

त्या शेवटच्या 'तुम्हाला'ने ती मोडली. स्टुलावर बसून रडली. नंतर मला सांगताना म्हणाली, "मरायला घाबरले नव्हते गं. मास्तरांनी ज्या तोंडाने माझ्याकडे पाहिलं ना, ते सहन झालं नाही."

मास्तरांनी दादाला कळवलं. दुसऱ्याच दिवशी दादा हजर. तो मुळात मऊ माणूस, पण भीतीने कडक झाला होता. "आई, बस झालं. हे घर बंद करायचं. तू माझ्याकडे यायचंस."

"तुझं घर छान आहे," मावशी म्हणाली, "पण ते तुझं आहे."

"म्हणजे काय? तुला काय कमी पडेल तिथे?"

"काही नाही. तिथे मी कुणाची तरी आई असेन, कुणाची तरी सासू असेन. इथे मी दुपारी पाय वर घेऊन बसते ती कुणाचीच कुणी नसते. मला ते हवंय."

दादा ऐकेना. मावशीचा तर रागच नाकावर. दोघं एकमेकांकडे पाठ करून बसली, तेव्हा मी मध्ये पडले. कारण नाक हाच माझा धंदा आहे. माणसाचं नाही, ऑक्साइडचं.

मी ज्या प्रयोगशाळेत काम करते तिथे आम्ही कथिलाच्या ऑक्साइडवर संशोधन करतो. डब्याच्या पत्र्यावर ज्याचा मुलामा असतो ते कथिल. त्याला ऑक्सिजन चिकटला की त्याची पांढरट भुकटी होते. लोखंडाचा गंज हाही त्याच जातीचा, फक्त गंजाला कुणी संशोधनासाठी पैसे देत नाही. या भुकटीचा पातळ थर तापवून ठेवला की हवेतला ऑक्सिजन त्याच्यावर दाटीने बसतो आणि विजेची वाट अडवतो. जळणारा गॅस आला की तो या ऑक्सिजनला उठवून घेऊन जातो, वाट मोकळी होते, वीज पळते आणि भोंगा वाजतो. ही युक्ती जुनी आहे. आता जगभर खटपट चाललीय ती या थराला शहाणं करण्याची. कण आणखी बारीक करायचे, चिमूटभर दुसरा धातू मिसळायचा आणि गॅस कुठला नि कांद्याची वाफ कुठली हे त्याला कळेल असं करायचं. आमच्या प्रमुख मॅडमना तर दिवसरात्र तेच सुचतं.

मी म्हणाले, "दादा, आमचं एक यंत्र हिच्या स्वयंपाकघरात लावते. महिनाअखेरीला तू ये. चाललं तर ही इथे राहील. नाही चाललं तर तुझं ऐकेल."

दादाने मावशीकडे पाहिलं. मावशीने धुरांड्याकडे पाहिलं. "कबूल," दोघं एकदमच म्हणाली.

यंत्र म्हणजे साबणाच्या वडीएवढी डबी, वर हिरवा दिवा, आत भोंगा. पाइपचा गॅस हलका, वर चढतो, म्हणून मी ती शेगडीच्या वरच्या भिंतीवर लावली आणि मावशीला समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं नि म्हणाली, "म्हणजे खुर्ची अडवून बसलेल्या पाहुण्याला शेजारीण येऊन उठवून नेते, तसं." मी हे वाक्य मॅडमना सांगितलं. त्यांनी दोनदा म्हणायला लावलं.

पण त्या डबीने पहिल्या दिवसापासून मावशीच्या नाकी नऊ आणले. कांदा परतला, भोंगा. व्हिनेगरने फरशी पुसली, भोंगा. वरच्या मजल्यावरची मुलगी नखं रंगवून साखर मागायला आली, तर दारातूनच भोंगा. मास्तर दरवेळी सुया-दोरे टाकून वर धावायचे. एकदा गळ्यात टेप तशीच, एका पायात चप्पल. मावशी फोनवर माझ्यावर ओरडायची, "अगं, हे नाक आहे की चोंबडी बाई? कशातही खुपसतंय स्वतःला!"

आमच्या प्रयोगशाळेत मात्र आनंदीआनंद. आम्ही आजवर स्वच्छ नळ्यांतून मोजूनमापून हवा सोडत होतो. कांदा परतणारी, फरशी पुसणारी आणि वर शिव्या देणारी हवा आम्हाला कुठून मिळणार? मॅडम मिश्रणात बदल करायच्या, मी नवा थर घेऊन जायचे. भोंगा हळूहळू कमी वाजू लागला, पण कांद्यावर त्याचं खास वैर होतं, ते काही जाईना. त्यात मावशी वीज वाचवायला झोपताना डबी बंद करायची. सकाळी थर गार, त्याला शुद्धीवर यायलाच वेळ लागायचा. "मावशी, याला सतत ऊब लागते," मी सांगितलं. ती म्हणाली, "ऊब कुणाला नको असते?" आणि त्या दिवसापासून बटणाला हात लावला नाही.

मध्येच एका रविवारी दादा येऊन गेला. भांडण चालू असलं तरी आईच्या खिडकीतून गार वारा येतो हे त्याच्या डोक्यातून जात नव्हतं. मी त्या दिवशी गावाला गेले होते. त्याने बाजारातून सिलिकॉनच्या पेस्टची लांब नळी आणली, खिडकीच्या फटी बुजवल्या, सिंकच्या कडा भरल्या, आणि हात चालू आहे तोवर म्हणून डबीही त्याच सिलिकॉनने भिंतीला पक्की केली. जाताना मावशी त्याच्याशी बोलली नाही. पण तो जिना उतरेपर्यंत दार उघडं ठेवून उभी राहिली.

त्यानंतर डबी शहाणी झाली. भोंगा नाही की काही नाही. मास्तरांची शिवणकामं वेळेवर होऊ लागली. मी फोन केला की मावशी म्हणायची, "गप्प आहे हो तुझी चोंबडी." मी मॅडमना सांगितलं, नवं मिश्रण जमलं. खरं सांगू का, मला जिंकायची फार घाई झाली होती.

महिनाअखेरीला दादा आला. मावशीने स्वयंपाक मांडला होता. मास्तरही साक्षीला येऊन बसले आणि म्हणाले, "गेले काही दिवस एकदाही धावलो नाही. यंत्र एकदम सज्जन आहे." कढईत कांदा होता. गप्पांच्या नादात तो लागला, करपला, आम्ही सगळे खोकायला लागलो. हिरवा दिवा तसाच, शांत.

दादा हसला. "वा! आता कांद्यालाही दाद देत नाही. ठीक आहे आई, तू जिंकलीस. राहा इथे."

माझा जीव भांड्यात पडला. मास्तरांनी टाळी वाजवली. मावशीने मात्र कढई उतरवली, गॅस बंद केला आणि वर डबीकडे बघत राहिली. मग स्टूल ओढलं, त्यावर चढली.

"आई, काय करतेस? पडशील!"

तिने फडताळातली स्पिरिटची बाटली काढून कापूस भिजवला आणि डबीच्या जाळीला टेकवला. आम्ही भोंग्याची वाट पाहिली. भोंगा वाजला नाही. तिने कापूस तसाच धरून ठेवला.

"याचं नाक गेलंय," ती म्हणाली. "कांदा करपला की हे बोंब मारतं. आज नाही मारली. शहाणं झालं म्हणता तुम्ही. शहाणं नाही झालं. हिरवा दिवा लावून गुपचूप बसलंय." ती स्टुलावरून उतरली आणि दादासमोर उभी राहिली. "मीही वर्षभर तशीच बसले होते. तू फोन केलास की हिरवा दिवा लावायचे. वासखोलीतली मी, मला वास येत नाही हे कुठल्या तोंडाने सांगू, असं वाटायचं. चल, मी बॅग भरते. बोलले होते, चाललं नाही तर येईन."

ही बाई गप्प राहिली असती तर घर तिचंच होतं. मला तिचा इतका अभिमान वाटला आणि स्वतःची इतकी लाज, की मी उगाच कढई घासायला घेतली.

दादाने तिच्या हातातला कापूस काढून घेतला. मग म्हणाला, "आई, गॅसची भीती होतीच मला. पण त्याहून भीती होती तुझ्या त्या 'सगळं ठीक'ची. फोन ठेवला की मला कळायचंच नाही, खरं काय नि खोटं काय. आता बॅग राहू दे. जे आत्ता केलंस, ते रोज करशील?"

"काय, स्टुलावर चढू?"

"खरं सांगशील?"

मावशीने मान डोलवली. मग डोळे पुसले आणि स्पिरिट डोळ्यांत गेलं म्हणून वर त्यालाच ओरडली.

मी डबी प्रयोगशाळेत नेली. मॅडमनी थर सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि डोळा न काढताच विचारलं, "तिथे कुणी सिलिकॉन लावलंय?" ओल्या सिलिकॉनची वाफ तापलेल्या थरावर बसते, जळते आणि तिचं वाळूच्या जातीचं ऑक्साइड होऊन काचेसारखं पसरतं. एका ऑक्साइडने दुसऱ्याचं तोंड दाबलं होतं. दादाला कळलं तेव्हा बिचारा पांढरा पडला. मावशी मात्र पोट धरून हसली. "माझ्या लेकाने प्रेमाने नाक बुजवलं हो!"

आता नव्या डबीच्या जाळीमागे कोळशाच्या भुकटीची गाळणी आहे, तिने असली वाफ अडते का यावर आमचं पुढचं काम चाललंय. पण रोजची परीक्षा मावशीच घेते. सकाळी गॅस पेटवण्याआधी ती दादाला फोन लावून ओट्यावर ठेवते. स्पिरिटऐवजी निरोपाच्या अत्तराची बाटली उघडते, वास गेल्यापासून तिने ती उघडली नव्हती. त्यात भिजवलेला कापूस जाळीला लावते. डबी बोंब मारते, तिकडे दादाला ऐकू जातं, आणि मावशी वासखोलीतल्या आवाजात म्हणते, "पास."

गेल्या आठवड्यात मी तिथेच होते. तिने कापूस लावला. डबी गप्प. तिने पुन्हा लावला. गप्प. चहाचं पातेलं भरून तयार होतं आणि तिला चहाशिवाय सुधरत नाही. तिने पातेलं सिंकमध्ये ओतलं आणि फोनकडे वाकून म्हणाली, "परत. आज गॅस पेटवणार नाही. ही दुसरी आणून देईपर्यंत पाव आणि गार दूध."

पलीकडून दादा म्हणाला, "डबी परत, आई. तू पास."

मावशीने फोन ठेवला, अत्तराची बाटली नाकाशी नेली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली.

"ओळख बघू, कसला वास आहे?" तिने मला विचारलं, आणि लगेच म्हणाली, "नाही गं, मला येत नाहीये. तू सांग."

मी सांगत राहिले.