झाकण न बसणारा डबा

नांदेडच्या बसस्थानकावर मांडीवर डबा घेऊन मी लातूरच्या गाडीची वाट बघत होतो, तेव्हा प्रज्ञाचा फोन आला. माझी लेक प्रज्ञा लातूरला एका दवाखान्यात परिचारिका आहे. तिच्या आईला, माझ्या सुमनला, हृदयाच्या दुखण्यासाठी तिथंच ठेवलं होतं. "बाबा, आई गेली... आता पळत येऊ नका," एवढंच ती म्हणाली. त्याला दोन महिने होत आले. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे सुमनला श्रद्धांजली वाहायच्या, कार्यक्रमात माझे कचेरीतले जुने सोबती शिंदे बोलायला उभे राहिले. सर वहिनींना कधी वाकडा शब्द बोलले नाहीत, आणि वहिनींनी जपानी डबा करून सरांची शुगर ताब्यात आणली, असं ते म्हणाले. यातलं डब्याचं खरं आहे. वाकड्या शब्दाचं खोटं आहे, आणि ते मी सगळ्यांसमोर हात जोडून ऐकून घेतलं.

मी सुमनला मारत होतो. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून. मीठ कमी पडलं, दार उघडायला उशीर झाला, काहीही पुरायचं. हाताने, चपलेने, एकदा पितळी तांब्याने. बाहेर मी हळू आवाजात बोलणारा कारकून होतो, वस्तीत जयंतीच्या मंचावर समतेवर बोलायचो. सुमन समोर बायकांत बसून टाळ्या वाजवायची...

निवृत्तीला तीन वर्षं उरली असताना माझी शुगर फार वाढली. प्रज्ञाने आईच्या मोबाइलवर जपानी लोकांच्या डब्यांचे व्हिडिओ पाठवले. जपान कुठं आहे हे सुमनला ठाऊक नव्हतं, पण कप्प्यांची गोष्ट तिला लगेच पटली. कप्पा संपला की जेवण संपलं, वरून वाढून घ्यायची सोय नाही. भाताच्या जागी ती ज्वारीच्या कण्या शिजवायची आणि ओल्या हाताने त्यांचे दोन लहान गोळे वळून वर काळे तीळ लावायची. अंड्याचं पातळ पोळं गुंडाळून त्याच्या वड्या पाडायची. वाफवलेल्या शेंगा, लिंबात मुरवलेल्या मुळ्याच्या चकत्या, मोडाची मटकी... निम्मा डबा नुसत्या भाजीचा. हे सगळं सकाळी सातच्या आत.

कचेरीत आम्ही सगळे डबे मधोमध वर्तमानपत्रावर मांडायचो आणि ज्याचा त्याचा हात प्रत्येकाच्या डब्यात जायचा. हा डबा पहिल्यांदा नेला त्या दिवशी मी झाकण काढलं आणि सगळे हात थांबले. शिंदे म्हणाले, "सर, ही भातुकली कुणाची उचलून आणली? वहिनी तुम्हाला उपाशी मारून राहिल्या की!" सगळे हसले. मीही हसलो.

घरी आलो तेव्हा सुमन जमिनीवर मेथी निवडत बसली होती. "कसं झालतं?" तिने वर बघून विचारलं. मी तो स्टीलचा डबा तिच्या तोंडावर हाणला. कोपरा डाव्या भुवईत घुसला. ती आडवी पडली, तरी मी लाथा घातल्या. डबा फरशीवर आपटत राहिलो. मेथीवर रक्त सांडलं होतं, ती भाजी मी तिलाच गोळा करून टाकायला लावली. डॉक्टरांना सांगितलं, मोरीत पाय घसरला. त्यांनी सुमनकडं पाहिलं. "हाव," ती म्हणाली. सात टाके पडले, आणि त्या डोळ्याने तिला पुढं कायम अंधुकच दिसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला डबा तयार होता. तिच्या जुन्या निळ्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेला.

"कोपरा चेपलाय, झाकण बसंना. सरळ धरून न्या, न्हाई तर सांडंल." तिचा डोळा सुजून मिटला होता. "आन् समदं खा. हात उगारायला बी ताकद लागती."

कचेरीत त्या फडक्याचं फार कौतुक झालं. जपानी लोकही डबा असाच कापडात बांधतात म्हणे. मी मान हलवली. त्यानंतर कधी हात उगारला नाही, असं लिहिता आलं असतं तर बरं वाटलं असतं. आणखी दोनदा उगारला.

पुण्यानुमोदनाच्या दुसऱ्या दिवशी प्रज्ञा म्हणाली, "आईचा जपानी डबा मी नेऊ का, फडक्यासकट?" मी तिच्यासमोर गाठ सोडली, चेपलेला कोपरा दाखवला आणि सगळं सांगितलं. आई मोरीत पडली होती, हेच तिला इतकी वर्षं माहीत होतं. तिने कोपऱ्यावरून अंगठा फिरवला.

"इथं आईची भुवई लागली?"

"हो."

तिने फडक्याची घडी करून ते आपल्या पिशवीत ठेवलं. डबा माझ्याकडं सरकवला. "हा तुमचा, बाबा." त्यानंतर तिचा फोन आलेला नाही.

आता कण्या मीच शिजवतो. माझे गोळे फुटतात. परवा वाचनालयाच्या कट्ट्यावर आम्ही निवृत्त मंडळी जेवायला बसलो, तेव्हा सवयीने माझ्या डब्याकडं हात नेत शिंदेंनी विचारलं, "सर, फडकं कुठाय? आणि हा कोपरा कशानं चेपला?" मी सांगितलं. आवाज हळू न करता सांगितलं. त्यांचा हात डब्यावरच थांबला, मग मागे गेला. बाकीच्यांनीही आपापले डबे जवळ ओढले.

मी एकट्याने जेवलो. समदं खाल्लं. उघडा डबा दोन्ही हातांत सरळ धरून घरी आलो.