मिलिंदची गाडी आणि पितृपक्ष

नाही, गाडी विकली नाही. विकणारही नाही.

अजून कुणी विचारलं नाही. पण आज ना उद्या विचारणारच, म्हणून आधीच सांगून मोकळी होते.

मिलिंद म्हणजे माझा जावई. आज तिथीने त्याला जाऊन वर्ष झालं. हार घातलेला फोटो टाकणार नाही, मला तसलं आवडत नाही.

इथे जर्मनीत, लुडविग्सहाफेनला केमिकलच्या कंपनीत इंजिनिअर होता. आणि घरी आला की गॅरेजमध्ये.

मी दर वर्षी तीन महिन्यांचा व्हिसा काढून लेकीकडे येते. पहिल्यांदा ती गाडी बघितली तेव्हा नुसता सांगाडा होता. दारं भिंतीला टेकवलेली, सीटं जिन्याखाली, इंजिन साखळीला टांगलेलं.

मी म्हटलं, "ही गाडी आहे का अपघात?"

"अहो आई, अमेरिकन मसल कार आहे. आठ सिलिंडर!"

"चालते का?"

"चालेल."

"कधी?"

"पुढच्या वर्षी."

पुढच्या वर्षी मी आले तर पत्र्याला सगळीकडे भोकं. गंज कापून काढला म्हणाला.

त्याच्या पुढच्या वर्षी खालचा पत्रा नवा. मग ब्रेक. मग कसलासा पार्ट अमेरिकेहून मागवला, तो कस्टममध्ये अडकला. माझा व्हिसा संपला तरी सुटला नाही.

माझी केतकी वैतागायची. "आई, याचं लग्न माझ्याशी झालंय का त्या डब्याशी?"

इथे रविवारी ठोकाठोकी चालत नाही. भिंतीत खिळा मारला तरी शेजारचा येऊन बेल वाजवतो. म्हणून रविवारी मिलिंद बिनआवाजाची कामं करायचा. सँडपेपर घेऊन पत्रा घासत बसायचा.

भाजी निवडून झाली की मीपण जाऊन बसायचे घासायला. आमचं जे काय बोलणं झालं ते त्या रविवारांतच. नाहीतर सासू-जावई काय बोलणार?

दारं बसली. निळा रंग झाला. आणि याच्या पोटात दुखायला लागलं.

कॅन्सर. पसरलेला. इथल्या डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. बरं केलं.

गाडीची तपासणी पास झाल्याशिवाय इथे रस्त्यावर चाक ठेवू देत नाहीत. ट्युफ म्हणतात त्याला. गाडी ट्रेलरवर टाकून केतकी घेऊन गेली. तो त्या दिवशी केमोला.

गाडी पास झाली. नंबर आला. जुन्या गाड्यांना देतात तो, शेवटी एच असलेला.

मिलिंदला आता चालवायला परवानगी नव्हती. तो म्हणाला, "केतकी, तू चालव. मी शेजारी बसतो. एकदा ऱ्हाईनपर्यंत जाऊन येऊ. बास."

एवढंच मागितलं त्याने. दहा-पंधरा मिनिटांचा रस्ता.

नंबर प्लेट दाखवायला मिलिंदने सांगलीला त्याच्या आईला व्हिडिओ कॉल लावला. मी बाजूलाच होते.

विहीणबाई म्हणाल्या, "अरे, पितृपक्ष चालू आहे. नवीन गाडी काढतात का या दिवसांत? दसऱ्याला काढ, पूजा करून."

मी मध्ये तोंड घातलं. "विहीणबाई, नवी कुठली? पन्नास वर्षांची थेरडी आहे ती!"

"रस्त्यावर पहिल्यांदाच येतेय ना? मग नवीच."

मिलिंद हसला. "बरं आई. दसऱ्याला."

फोन ठेवल्यावर मी त्याला झापलं. "तू कधीपासून पितृपक्ष पाळायला लागलास? श्रावणात बिअर पितोस!"

"गेनाऊ, अगदी बरोबर, अहो आई. पितो." मग जरा दम खाऊन म्हणाला, "ती तिकडे माझ्यासाठी रोज कसला ना कसला उपास करते. तिला वाटतं, तिचं ऐकलं तर मी वाचेन. तेवढं वाटू दे तिला."



पितृपक्ष संपला. घट बसले त्या सकाळी मी किल्ली घेऊन त्याच्या खोलीत गेले. म्हटलं, दसरा-बिसरा राहू दे, ऊठ, निघू या.

उशा लावून बसवलं. बसवेना त्याला.

मान हलवली नुसती. नको.

तिसऱ्या माळेला गेला.

इथे दहनालासुद्धा टेर्मिन लागते. अपॉइंटमेंट हो! तोवर विहीणबाईंचा व्हिसा झाला, त्या पोचल्या.

आणि नातेवाईक ग्रुपवर काय काय लिहीत होते, तेही मी वाचलं. "आईनेच आडकाठी केली." "शेवटची इच्छा राहिली." लाज नाही वाटली?

केतकीपण विहीणबाईंशी जेवायला चला, आंघोळीला पाणी काढलंय, एवढंच बोलत होती.

दहन झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी विहीणबाई म्हणाल्या, "मला गाडी बघायचीय."

केतकीने गॅरेज उघडलं. त्यांनी पत्र्यावरून हात फिरवला.

केतकी स्टिअरिंगला बसली आणि शेजारचं दार आतून उघडलं. म्हणाली, "बसा आई."

मी मागे बसले. इंजिन सुरू झालं तशी छाती हादरली. एवढा आवाज, त्यामुळे कुणी कुणाशी बोलायचा प्रश्नच नव्हता.

ऱ्हाईनच्या काठाला केतकीने गाडी बंद केली. तेव्हा विहीणबाईंनी तिला एकच विचारलं. केतकीने एकच उत्तर दिलं. मग दोघी रडल्या.

आता वर्षश्राद्धाला विहीणबाई इथेच आहेत. स्वयंपाक आम्ही दोघींनी केला.

मिलिंद, सुटलास बाबा. आम्ही बघतो इथलं.

त्या दोघी काय बोलल्या ते मी ऐकलंय. ते त्यांचं आहे. इथे लिहिणार नाही, फोनवर सांगणार नाही, आणि कमेंटमध्ये विचारू नका. उत्तर मिळणार नाही.