सर्वात स्वस्त तारीख

राहात्यात एसटी स्टँडच्या मागं माझं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. पॅनकार्ड, उतारे, परीक्षांचे अर्ज हे रोजचं काम. पण माझं नाव झालं ते विमानाच्या तिकिटांमुळं. आमच्या भागातली पोरं आखातात कामाला जायला लागली, तशी त्यांचे आईबाप माझ्याकडं येऊ लागले. "त्या बाईकडं जा, हजार-दोन हजार तरी पाडतीच," असं लोक एकमेकांना सांगायचे. मी स्वतः आजवर विमानात बसलेली नाही. पण भाव कधी चढतो, कधी पडतो, हे मला तोंडपाठ होतं आणि त्याचा मला माज होता. अभिमान वगैरे म्हणून मी त्याला सजवणार नाही.

कामाची पद्धत सोपी होती. भावांची तुलना करणाऱ्या तीन-चार वेबसाइट शेजारी शेजारी उघडायच्या. महिन्याचं कॅलेंडर समोर येतं, महाग दिवस लाल, स्वस्त दिवस हिरवे. हवा तो प्रवास निवडून ठेवला की भाव हलताच मोबाईल टिंग करतो. मग वाट पाहायची. लोकांना वाट पाहवत नाही, मला पाहवायची.

माझी धाकटी बहीण लग्न होऊन मस्कतला गेलेली. नवरा तिथं एका गोदामात कामाला. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडं ठरवावं लागत नाही. आई माझ्याजवळच राहते, त्यामुळं माहेर म्हणजे माझंच घर. सातवा महिना संपत आला तेव्हा बहिणीचा फोन आला. "ताई, डॉक्टर म्हनल्या, जायचं तर आत्ताच जा. तिकीट बघ ना."

सुट्ट्यांचा हंगाम होता, भाव चोवीस हजार. मी हसलेच. "चोवीस? बाराच्या आत आणते तुला. माझ्यावर सोड."

आईनं बोटांवर महिने मोजले आणि मान हलवली. "आठवा लागतोय. आठव्यात परवास न्हाई करायचा. नववा लागू दे, मग येऊ दे तिला."

एरवी आईच्या असल्या बोलण्यावर मी खेकसते. त्या दिवशी बहिणीला तसंच कळवून टाकलं. मला थांबायचंच होतं आणि थांबायला घरातूनच कारण मिळालं होतं.

पंधरा दिवसांनी व्हिडिओ कॉलवर बहिणीनं पाय दाखवले. चप्पल चढत नव्हती. डोकं दुखतं, बीपी वाढलंय, असंही तिनं हळूच सांगितलं. फोन ठेवताच आई माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"मरू दे त्यो आठवा. उद्याच्या उद्या आन तिला."

तेव्हा भाव अठरावर आला होता. मी म्हणाले, "आई, चार दिवस दम धर. उतरतोय अजून."

"पैशाचं काय घेऊन बसलीस?"

पैशाचा प्रश्न नव्हताच. तिचा नवरा चोवीस हजारही द्यायला तयार होता. पण बाराच्या आत आणते असं मी म्हणून बसले होते, चहावाल्यापासून सगळ्यांना सांगून बसले होते. मला हरायचं नव्हतं.

भाव सतरा झाला. मी थांबले. मग एकदम बावीस. आता घेणं म्हणजे नाक कापून घेणं, म्हणून पुन्हा थांबले. मोबाईल टिंग झाला की हात आधी भावाकडंच जायचा, बहिणीच्या मेसेजकडं नंतर. आई रोज एकदा विचारायची, "झालं का?" मी "होतंय" म्हणायचे. पुढंपुढं तिनं विचारणं सोडलं.

शेवटी एक हिरवी तारीख सापडली. अकरा हजार आठशे. पानावर मोठी माणसं किती, मुलं किती, तान्ही बाळं किती, असे रकाने होते. पोटातल्या बाळाचं कुणी विचारलं नव्हतं. खाली बारीक अक्षरात अटी होत्या. रोज शंभर फॉर्म भरणारी मी, अटी कधी वाचते? टिक केलं आणि तिकीट काढलं. त्या दिवशी दुकानात आलेल्या प्रत्येकाला मी ते दाखवलं.

आईच्या हिशोबानं त्या तारखेला नुकता नववा लागला होता. पण डॉक्टरच्या कागदावर महिने नसतात, आठवडे असतात. ते छत्तीसच्या पुढं गेले होते, आणि छत्तीसच्या पुढं विमानात घेत नाहीत, हे त्या बारीक अटींत होतं.

नवरा तिला विमानतळाच्या दारात सोडून कामावर गेला. काउंटरवरच्या मुलीनं कागद मागितला, आठवडे पाहिले आणि बॅग परत तिच्याकडं ढकलली. बहिणीचा फोन आला. "ताई, मला घेत न्हाईत गं." मी तिला फोन त्या मुलीकडं द्यायला लावला आणि मोडक्या हिंदीत तिच्यावर ओरडले. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि फोन परत दिला. बहीण एकटीच टॅक्सी करून खोलीवर गेली.

पाचव्या दिवशी तिला झटके आले. नवरा कामावर. शेजारणीनं आवाज ऐकला म्हणून ती दवाखान्यात तरी पोचली. आमच्या घरात कुणाकडं पासपोर्ट नव्हता. आई आणि मी फोन मधे ठेवून बसलो. मुलगी झाली होती. ती संध्याकाळपर्यंत जगली. बहीण वाचली.

अडीच महिन्यांनी ती घरी आली. तिकीट तिनं स्वतः काढलेलं. केवढ्याला, हे मी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी आई मेथी निवडत होती, मी शेजारी बसले होते. बहीण दारात येऊन उभी राहिली.

"ताई, खरं सांग. आईनं आठव्याचं काढलं म्हनून थांबलीस व्हय?"

मी "हो" म्हणाले. विचार करायलाही वेळ घेतला नाही.

आईचा हात थांबला. तिनं माझ्याकडं पाहिलं. तिला सगळं आठवत होतं, हे मला स्पष्ट दिसलं. मग तिनं मान खाली घातली. "व्हय गं बाई. माझंच चुकलं," ती म्हणाली आणि पुन्हा मेथी निवडू लागली.

बहीण परत गेली त्याला आता वर्ष होत आलं. दर रविवारी तिचा फोन येतो, मला. आईला द्यायला सांगत नाही. मी बोलत असते तेव्हा आई उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसते.