फिश्टरबाई आणि पाच मिलिमीटर

जर्मनीतल्या आमच्या हिंटरबाख गावात एकेकाळी रेकॉर्ड प्लेयरचा कारखाना होता. मी तिथे खोकी बांधायचे आणि गेर्लिंड फिश्टर दांडे लावायची. दांडा म्हणजे टोनआर्म, ज्याच्या टोकाला सुई असते आणि जो तबकडीवरून फिरतो. पंधराव्या वर्षी ती त्या बाकावर बसली ती एकवीस वर्षांनी कारखाना बंद पडला तेव्हाच उठली. पुढची पंचवीस वर्षं तिने दाताच्या डॉक्टरांकडे मदतनीस म्हणून काढली. "काम तेच," ती म्हणायची, "फक्त इथे दांडा ओरडतो."

लग्न तिने केलं नाही. एकदा ठरलं होतं, पण नवऱ्या मुलाने तिच्या घरी भिंतीवर फळी ठोकून दिली आणि तिने त्याच्यासमोरच ती फळी मोजली. असं गावात बोलतात. मी विचारलं तर म्हणाली, "खोटं आहे. तो गेल्यावर मोजली."

दोन हजार नऊच्या मार्चमध्ये युर्ग हिलझर तिच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. मी शेजारीण, कांद्याचा केक घेऊन गेलेच होते. युर्ग पूर्वी तिच्याच बाकावर काम शिकला होता. आता स्वतःच्या शेडमध्ये हाताने टोनआर्म बनवायचा, एकोणीसशे युरोला एक, वर्षाला दहाबारा. त्याने टेबलावर संगीतयंत्रांचं एक मासिक आपटलं. गुळगुळीत कागद, आणि वजन असं की दार अडवायला ठेवावं.

त्यात हांबुर्गचे डॉक्टर हेनिंग ब्राखफोगेल यांनी दोन टोनआर्मची तुलना केली होती. डॉक्टर हे नदीच्या पाण्यावरच्या हक्कांच्या कायद्यातले, कानांचे नव्हेत. पहिला दांडा अठरा हजार युरोचा. तो ऐकताना डॉक्टरांना 'पहाटेच्या दवाने भिजलेलं मौन' ऐकू आलं होतं. मागच्या अख्ख्या पानावर त्याच दांड्याची जाहिरात होती, पण तो निव्वळ योगायोग असणार. युर्गच्या दांड्याबद्दल लिहिलं होतं: 'काचेसारखा थंड. शेवटच्या गाण्यांत आवाज फाटतो. कारागिरी आहे, आत्मा नाही.'

"आत्मा नाही म्हणे!" युर्ग म्हणाला. "बाई, मी आता काय करू?"

"आधी केक खा," गेर्लिंड म्हणाली आणि पट्टी घेऊन लेखातल्या त्याच्या दांड्याच्या फोटोवर वाकली. फोटो बरोबर वरून काढलेला. तबकडीच्या मधला कागदी गोल दहा सेंटीमीटरचा असतो. फोटोत तो चार भरला. मग दांडा ज्या खुंटीवर फिरतो तिथपासून तबकडीच्या मधल्या कण्यापर्यंत मोजलं आणि अडीचने गुणलं. युर्गचा दांडा जुन्या कारखान्याच्या मापाचा, म्हणजे हे अंतर दोनशे बावीस मिलिमीटर हवं.

"दोनशे सत्तावीस आहे," ती म्हणाली. "पाच मिलिमीटर लांब बसवलाय. सुई खाचेत वाकडी उभी आहे. फाटणारच आवाज! आत्मा कशाला मध्ये आणतोय हा माणूस?"

त्याच दिवशी तिने मासिकाला पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. दुसरं लिहिलं, आकृती काढून. तिसऱ्यात तिने डॉक्टरसाहेबांना पट्टी भेट म्हणून पाठवली. चौथं पत्र मी वाचलं आणि म्हणाले, "अगं, हे टाकू नकोस." तिने टाकलं. त्यात डॉक्टरसाहेबांची तुलना तिच्या दाताच्या दवाखान्यात येणाऱ्या एका रोग्याशी होती, जो दुखणाऱ्या दाताऐवजी शेजारचा दात दाखवायचा.

त्या पत्राला संपादकांचं गोड उत्तर आलं. 'अनुभवी कारागीर महिलेच्या उपस्थितीत' फेरचाचणी करू, आपण हांबुर्गला यावं, गाडीभाडं मासिकाचं. गेर्लिंडने दांडे बसवायचं आपलं पितळी माप पिशवीत टाकलं आणि सोबतीला मला घेतलं.

डॉक्टरसाहेबांचं घर एल्बे नदीकाठी. माणूस उंच, गळ्यात मफलर, आणि वागायला अगदी सभ्य. याचाच मला राग आला. ऐकायच्या खोलीत खुर्ची एकच होती, त्यांची. आम्हाला स्टुलं मिळाली.

"फिश्टरबाई," ते हसून म्हणाले, "मी तुमची चारही पत्रं जपून ठेवलीत. आता हे बघा." आणि त्यांनी युर्गच्या खोक्यातला सूचनांचा कागद पुढे केला. त्यावर स्वच्छ छापलं होतं: खुंटी ते कणा, २२७.

गेर्लिंडने कागद दोनदा वाचला. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला. मग तिथूनच युर्गला फोन लावला.

"युर्ग, तुझ्या कागदावर अंतर किती आहे?"

"दोनशे बावीस, बाई. का?"

"कागद हातात घे आणि वाच."

पलीकडे कागद उलगडल्याचा आवाज आला. मग: "अरे देवा. मेव्हण्याने टाईप केलं होतं..."

"आणि तपासलं कुणी?"

"माप मला पाठच आहे ना, बाई. मी कशाला वाचू?"

तिने फोन ठेवला. तिचे कान लाल झाले होते. एवढ्या वर्षांत मी ते प्रथमच पाहिलं. ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "डॉक्टरसाहेब, तुम्ही कागदाप्रमाणे बसवलंत. मी तुम्हाला नाही नाही ते लिहिलं. माफ करा. ते दाताचं तर नक्कीच."

डॉक्टरसाहेब प्रसन्न झाले. "गिऱ्हाईकालाही कागदच मिळतो, बाई. मी गिऱ्हाईकासारखाच वागलो."

"पटलं," गेर्लिंड म्हणाली. खाली बसली, आणि परत उठली. "मग अठरा हजारवाला कुठल्या कागदाप्रमाणे बसवलात?"

"तो... त्यांचे प्रतिनिधी आले होते."

"किती वेळ होते?"

"दोन दिवस. पांढरे हातमोजे घालून काम करतात. फार निष्ठावान माणूस."

"आणि कार्ट्रिज?" म्हणजे सुई ज्यात बसवतात ती डबी.

"दोन्हीकडे एकच. तोच तर न्याय आहे."

"कुणाचं?"

ते त्याच अठरा हजारवाल्या कंपनीचं निघालं. जड दांड्यासाठी केलेलं, ताठ. युर्गच्या हलक्या दांड्याला न मानवणारं. "म्हणजे सगळ्यांना एकाच मापाचे बूट," गेर्लिंड म्हणाली, "आणि माप घेतलं एकाच्याच पायाचं."

"दोघांना वेगळं कार्ट्रिज दिलं तर मग मी दांडा ऐकतोय की कार्ट्रिज?" डॉक्टरांनी विचारलं.

"हेही खरं," गेर्लिंड म्हणाली. "पण निदान हातमोजे तरी सगळ्यांना द्या, नाहीतर कुणालाच नको. त्याचाही कागद काढा. मी कागदाप्रमाणे बसवते."

डॉक्टरांनी शोधून तो लिफाफा आणला. फोडलेलाही नव्हता. आत चाळीस पानांची पुस्तिका: शांततेवर एक प्रकरण, संस्थापकांच्या बालपणावर एक. माप कुठेही नाही. शेवटच्या पानावर एक ओळ: 'बसवण्यासाठी प्रतिनिधीस बोलवावे.'

मला हसू आवरेना. मी खोकल्याचं नाटक केलं. डॉक्टरसाहेब मात्र मनापासून हसले, ते मी मान्य करते.

मग गेर्लिंडने दुपारभर दोन्ही दांडे आपल्या मापाने बसवले. डॉक्टर खुर्चीत डोळे मिटून बसले. युर्गचा दांडा शेवटच्या गाण्यापर्यंत फाटला नाही. अठरा हजारवाला अजूनही थोडा बरा वाटला, मलाही. "थोडाच," गेर्लिंड परतीच्या गाडीत म्हणाली. "सोळा हजार शंभर युरोंइतका नाही."

जूनच्या अंकात फेरचाचणी आली. 'काचेसारखा थंड' होता तो 'काचेसारखा निर्मळ' झाला. आत्म्याचा विषय निघाला नाही. खाली गेर्लिंडने घरी परतल्यावर पाठवलेलं माफीचं पत्र होतं, तिच्या फोटोसकट. त्या मासिकाच्या इतिहासात कुणी चूक कबूल केल्याची बहुधा ती पहिलीच वेळ, आणि तीही बाहेरच्या बाईने. पत्राचा दुसरा अर्धा भाग, हातमोज्यांचा आणि लिफाफ्याचा, 'जागेअभावी' गाळला होता. त्या जागेत एका केबलची जाहिरात बसली होती.

युर्ग भडकला. "बाई, तुम्ही माझी चूक देशभर छापून आणलीत!"

"चूक तू छापलीस," ती म्हणाली. "मी फक्त वाचली."

तो हिवाळ्यापर्यंत तिच्याशी बोलला नाही. तिला ते लागलं होतं. ती माझ्याकडे तीनदा येऊन युर्गचं नाव न काढता कॉफी पिऊन गेली. नोव्हेंबरात तो नव्या कागदाचा मसुदा घेऊन दारात उभा राहिला, ओशाळलेला. तिने तिथेच वाचला आणि दांड्याच्या मागच्या टोकावरच्या वजनाच्या आकड्यात आणखी एक चूक काढली. मग त्याला आत घेतलं.

डॉक्टरसाहेब आता छापण्याआधी बसवलेल्या दांड्यांचे फोटो तिच्याकडे गुपचूप पाठवतात. लेखात तिचं नाव येत नाही. ती पोस्टकार्डावर फक्त किती मिलिमीटर चुकलं ते लिहून धाडते, आणि मागच्या महिन्यात तिने प्रथमच लिहिलं: 'बरोबर आहे.'