कंसाआधीचं वजा

मी सिडनीला मास्टर्स करत होते तेव्हा हॅरिस पार्क या उपनगरातले फ्लॅट आमच्यासारख्या विद्यार्थ्यांनी गच्च भरलेले असायचे. शनिवारी दुपारी मी ट्रेनने जवळच्याच टूनगॅबीला जायचे, पुण्याच्या एका ताईंना गणित शिकवायला. त्यांचे यजमान आयटीत, मुलगी शाळेत. ताईंना नर्सिंगला जायचं होतं आणि त्यासाठी आधी गणिताची परीक्षा द्यावी लागणार होती. बारावीनंतर तब्बल वीस वर्षांनी त्यांनी वही उघडली होती.

गाडी अडली ती कंसापाशी. ७ − २(x − ३) दिलं, की त्या ७ − २x − ६ लिहायच्या. वजा गुणिले वजा अधिक, हे मी दर वेळी सांगायचे. त्या मान डोलवायच्या आणि पुढच्या उदाहरणात पुन्हा वजाच लिहायच्या.

तिसऱ्या शनिवारी त्यांनी विचारलं, "पण अधिक का होतं?"

"तसंच असतं, ताई. सातवीतल्या मुलांनाही येतं हे."

त्यांनी वही मिटली, चहा टाकला आणि माझ्या असाइनमेंटची चौकशी केली. परतताना ट्रेनमध्ये मला स्वतःचीच लाज वाटली. बोलले म्हणून तर वाटलीच, पण का अधिक होतं हे मलाही सांगता आलं नसतं. इतकी वर्षं मी चिन्हं बदलत आले होते, कधी थांबून विचारलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी माफी मागायचं ठरवून गेले. मी काही बोलायच्या आत ताईंनी वही पुढे सरकवली.

"काल डबे भरताना कळलं. वीस पोळ्या होत्या. यांच्या डब्यासाठी आठ काढल्या. मग हे म्हणाले, तीन कमी दे. म्हणजे मी तीन जास्तच काढल्या होत्या ना? त्या परत ठेवाव्या लागल्या. म्हणून अधिक."

वहीत लिहिलं होतं: ७ − २x + ६, आणि त्याखाली १३ − २x. मी दोनदा तपासलं. मग माफी मागितली. त्या म्हणाल्या, "अगं, तू तसं म्हणालीस म्हणून तर आठवडाभर डोक्यात घोळत राहिलं."

पहिल्या खेपेला त्या नापास झाल्या, अपूर्णांकांमुळे. दुसऱ्या खेपेला पास झाल्या आणि पुढे नर्सही झाल्या. त्यानंतर मी बऱ्याच जणांना शिकवलं. कोणी "का?" विचारलं आणि मला येत नसलं, तर तसं सरळ सांगते.