बाबांच्या फोटोची चौकट

परवा बाजारात कोळणीने सुके बोंबील वर्तमानपत्रात गुंडाळून दिले. त्या वासात शाईचाही वास मिसळला होता, आणि मला अर्नाळ्याचं आमचं अंगण आठवलं.

नव्वदच्या दशकात मी कॉलेजात होते, घरातली पहिलीच. तुळिंजच्या एका साप्ताहिकात पानं लावायला शिकत होते. बाबा मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष झाले, तेव्हा ती बातमी मीच लावली. वर ठळक मथळा, मध्ये बाबांचा फोटो, आणि तो उठून दिसावा म्हणून भोवती जाड काळी चौकट. पान चांगलं जमलंय, असं मला वाटलं.

अंक घरी नेला तेव्हा बाबा बोटीवर होते. आई बोंबील वाळत घालत होती. तिला वाचता येत नसे. तिने फोटो पाहिला आणि खालीच बसली.

"बोटीवरून काय निरोप आला?"

"अगं, निवडून आले म्हणून छापलंय."

"मग मेलेल्या मानसाची चौकट कशाला घातली गो?"

मी मथळा मोठ्याने वाचून दाखवला. तिने ऐकून घेतलं, पण तिचं बोट त्या काळ्या रेघेवरून फिरतच होतं. तेव्हा वाटलं, अक्षरं येत नाहीत म्हणून तिचं असं झालं. आता वाटतं, अक्षरांच्या आधी चौकट सगळेच वाचतात, बहुधा.

संध्याकाळी बाबा सुखरूप आले. फोटो भिंतीवर लागला होता, चारी बाजूंनी वेडावाकडा कापलेला.

"उंदरानं कुरतडला काय?" बाबांनी विचारलं.

"हो," आई म्हणाली. "बसा, पानी देते."