बाटलीबाईचे दोन थेंब

पाणी केव्हाच स्वच्छ झालंय, बाटलीबाईच त्यात विष कालवते, ही आवई उठली ती न्हाव्याच्या खुर्चीवरून. गालाला फेस लावलेल्या माणसाला उलट बोलता येत नाही, त्यामुळे न्हाव्याची कुठलीही बातमी निम्मी तिथेच सिद्ध होते.

"घाण पाण्याचा पगार खाते ती," वस्तरा पुसत तो म्हणाला. "पाणी साफ झालं तर हिला कोण विचारतंय? पिशवीत कुपी असते. बाटली भरली की गुपचूप दोन थेंब टाकते. डोळ्यांनी पाहिलंय!"

ते डोळे न्हाव्याचे नव्हते. ते बाटलीबाईच्या धाकट्या जावेचे होते आणि न्हाव्याच्या बायकोमार्फत दुकानात पोचले होते. पण थेंब टाकते ही गोष्ट खोटी नव्हती, आणि इतका आधार गल्लीला पुष्कळ झाला.

बाटलीबाईचं खरं नाव विचारायची गरज गल्लीला कधी पडली नाही. आधी ती टाकीवाली होती. गल्लीला लागून कुलुपांचा कारखाना होता, त्यात धुलाई खात्यात तिने अकरा वर्षं काढली. कुलुपांची जाळीची टोपली औषधाच्या टाकीत बुडवायची, वंगण सुटलं की वर काढायची. त्या औषधाला कामगार 'उडतं' म्हणायचे. वास गोडसर, हातावर पडलं की गार लागायचं आणि फुंकर घालायच्या आत नाहीसं व्हायचं. शनिवारी टाकीच्या तळाचा गाळ आणि उरलेलं उडतं बादलीने मागच्या भिंतीशी ओतून यायचं, हे काम बाटलीबाईचं. फोरमन म्हणायचा, "ओत गं, उडून जाईल." सगळेच तसं म्हणायचे. रुसून माहेरी गेलेली सून एक वेळ परत येईल, पण जमिनीवर ओतलेलं उडतं पुन्हा दिसायचं नाही, अशी गल्लीची पक्की समजूत होती.

ते उडालं नव्हतं. पाण्याहून जड असलेलं ते औषध निवांत खाली उतरलं आणि जमिनीखालच्या पाण्यात जाऊन बसलं. कारखाना बंद पडला, जागा विकली गेली, आणि घेणाऱ्याला कळलं की खालचं पाणी साफ केल्याशिवाय वर एक वीटही ठेवता येणार नाही. मग पाणी उपसायचे पंप आले, पाण्यातून हवा फुंकायचा मनोरा आला, कोळशाची पिंपं आली आणि नकाशाची गुंडाळी घेऊन एक तरुण साहेब आला. औषध कुठे टाकत होतात, असं त्याने विचारताच जुन्या कामगारांची स्मरणशक्ती एकाच दिवशी गेली. एकटी बाटलीबाई पुढे झाली आणि चपलेच्या टोकाने जमीन दाखवत चालली. "इथे. इथे. आणि त्या भिंतीशी मी."

तेव्हापासून ती साहेबांची झाली आणि गल्लीची कुणीच राहिली नाही. कारण महिन्याभरात गल्लीतल्या विहिरीवर लोखंडी झाकण बसलं, त्यावर लाल फुली आली, पाण्याला टँकर सुरू झाला आणि घरांच्या किमती त्याच विहिरीत पडल्या.

"बाई, गप्प राहिला असतात तर काय बिघडलं असतं?" न्हाव्याने एकदा भर रस्त्यात विचारलं.

"तुझं यकृत. अर्धं तू स्वतःच दारूत घालवलंयस, उरलेलं मी वाचवलंय. आभार नकोत."

असं बोलल्यावर माणसं जोडली जात नाहीत. तिला जोडायचीही नव्हती.

साहेबाने तिला पाण्याचे नमुने भरायच्या कामावर ठेवलं. दर महिन्याला ती पिशवी आणि कुलूप असलेली बर्फाची पेटी घेऊन निघायची. आवारात पुरलेल्या बारा नळ्या आणि शेवटी गल्लीची विहीर. नळीत साचलेलं पाणी आधी उपसून टाकायचं, मग ताज्या पाण्याने बोटाएवढी बाटली काठोकाठ भरायची, झाकण लावून उलटी करायची आणि नखाने टिचकी मारायची. आत बुडबुडा असला की पाण्यातलं उडतं त्यात पळतं, म्हणून ओतून द्यायची आणि पुन्हा भरायची. कुंपणापलीकडे बघे असायचेच. "चांगलं पाणी ओतून दिलं बघ. घाण तेवढी ठेवली." मग ती कुपी काढायची आणि दोन थेंब टाकायची. बघे एकमेकांना कोपर मारायचे. हे थेंब कसले, असं मात्र कुणी तिला विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं. आपणहून सांगायला ती काही त्यांच्या बापाची नोकर नव्हती.

आता या सगळ्यात दिराचं घर अडकलं होतं. दीर त्याच कारखान्याचा स्टोअरकीपर, निवृत्त, आवाज मोठा. दोघा भावांची घरं एका भिंतीने जोडलेली आणि विहीर दिराच्या परसाला लागून. घर विकून मुलाकडे जायचं त्याने ठरवलं होतं. गिऱ्हाईकही मिळालं होतं, पण अट एकच, विहिरीवरची फुली निघाली पाहिजे. नियम असा होता की ओळीने तीन वेळा पाणी स्वच्छ आलं तर झाकण निघणार. दोन वेळा आलं. चार वर्षांत पहिल्यांदा जावेने भिंतीवरून चहाचा कप पुढे केला.

तिसऱ्या वेळी पाणी खराब निघालं. चार वर्षांत कधी नव्हतं इतकं खराब.

कप परत मागायला जाऊ स्वतः आली. "आमचं घर विकू द्यायचं नव्हतं तर तोंडावर सांगायचं होतं, जाऊबाई."

"तुझं घर विकलं गेलं तर सगळ्यात सुखी मीच होईन गं. भिंतीतून तुझा आवाज यायचा थांबेल."

आठवड्यात अर्ज गेला. बाटल्यांत फेरफार करणाऱ्या या बाईला कामावरून काढा. खाली त्रेचाळीस सह्या, त्यातली सातवी तिच्या नवऱ्याची.

"धाकट्याने पेन हातात दिलं," नवरा म्हणाला. "मला वाटलं, गटाराचा अर्ज आहे."

"वाचला नाहीत?"

"चष्मा नव्हता."

"चष्मा डोळ्यांवर आहे."

"तेव्हा नव्हता."

त्या रात्री त्याला जेवण मिळालं, पण वाढलं कुणी नाही.

अर्ज आला म्हणून साहेब स्वतः आला. त्याने बाटलीबाईला दहा पावलं लांब, हात मागे बांधून उभं केलं आणि अख्ख्या गल्लीदेखत विहिरीचं पाणी आपल्या हाताने भरलं. टिचकी मारली. कुपी काढून त्यानेही दोन थेंब टाकले. त्या थेंबांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. साहेबाचे थेंब ते साहेबाचे.

पुढच्या आठवड्यात तो कागद घेऊन आला तेव्हा दिराच्या परसात गल्ली जमली होती.

"पाणी खराबच आहे," साहेब म्हणाला. "पण गंमत वेगळीच आहे. हे औषध जमिनीत पडून राहिलं की मोडत जातं. त्याला पिल्लं होतात असं समजा. आवारातल्या प्रत्येक नळीत म्हातारा आणि त्याची पिल्लं सोबत सापडतात. या विहिरीत नुसताच बाप आहे, पिल्लू एक नाही."

"म्हणजे ब्रह्मचारी," न्हावी म्हणाला.

"म्हणजे ताजं. कुणीतरी अलीकडेच ओतलंय."

त्रेचाळीस माना एकदम बाटलीबाईकडे वळल्या. बाटलीत नाही तर विहिरीतच टाकते म्हणजे! साहेबाने खाली बघत हात पुढे केला. "चौकशी होईपर्यंत पेटीची किल्ली द्या, बाई." तिने दिली. ती किल्ली गेली की काम गेलं, आणि काम गेलं की गल्लीचं म्हणणं कायमचं खरं ठरलं, हे तिला न शिकवता कळत होतं.

"वहिनी, आता तरी कबूल करा," दीर बोट नाचवत म्हणाला. "घरच्या माणसाच्या मुळावर उठलात!"

बाटलीबाईची नजर त्या बोटावर थांबली. बोट पांढरंफटक होतं, खडू चोळल्यासारखं, पेरांना भेगा. टाकीवर होती ती अकरा वर्षं तिचे हात तसेच होते. कितीही तेल चोळलं तरी आत मुरायचं नाही.

"भावोजी, हात दाखवा."

"माझे हात कशाला?"

"कुठे ठेवलंय?"

"काय कुठे ठेवलंय?"

तिने उत्तराची वाट पाहिली नाही. परसातल्या पत्र्याच्या शेडचं दार तिने ढकललं, आणि तो गोडसर वास बाहेर आला तेव्हा गल्लीतल्या निम्म्या नाकांनी तो ओळखला. आत कारखान्याचा शिक्का असलेलं पिंप होतं. जमिनीवर बिजागऱ्या, कड्या, कोयंडे ओळीने मांडलेले, लख्ख. शेजारी मोरी, आणि मोरीचं पाणी मुरायचं ते विहिरीच्या कडेला.

"त्यात काय एवढं?" दीर म्हणाला. "कारखाना बंद होताना प्रत्येकाने काही ना काही आणलं, मी पिंप आणलं. गिऱ्हाईक म्हणालं दारं कुरकुरतात, म्हणून चार बिजागऱ्या धुतल्या. धुतलेलं मोरीत टाकलं. ते उडून जातं!"

कुणी हसलं नाही. त्याच्या जागी असते तर हेच म्हणाले असते असे तिथे वीसएक जण उभे होते.

"एक पेला पाणी आण," बाटलीबाई जावेला म्हणाली. जावेने सवयीने आणलं. बाटलीबाईने पिंपाच्या नळातून पेल्यात चमचाभर सोडलं.

"बाई, हातमोजे!" साहेब ओरडला.

औषध सरळ तळाला गेलं आणि पाण्यात न मिसळता तिथेच गोळा होऊन बसलं. तिने पेला दिराच्या नाकासमोर धरला.

"उडालं?"

दीर उसळला. "आणि तुम्ही काय कमी ओतलंत? अकरा वर्षं!"

"ओतलं. आणि कुठे ओतलं ते दाखवलं. तुम्ही ओतलंत ते माझ्या नावावर."

साहेबाने किल्ली परत दिली. माफी कुणी मागितली नाही. त्रेचाळीसांपैकी ज्याला विचारावं तो म्हणे, मला वाटलं गटाराचा अर्ज आहे. गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं. विहिरीवरची फुली आणखी अडीच वर्षं राहिली. जावेने मधली भिंत दोन हात उंच करून घेतली आणि बाटलीबाईने गवंड्याला वरून सांगितलं, "आणखी चढव, पैसे मी देते." न्हावी म्हणत राहिला की पिंप तिनेच रातोरात तिथे नेऊन ठेवलं असणार, आणि थेंबांचं काय?

थेंब आम्लाचे होते. प्रयोगशाळेत पोचेपर्यंत पाण्यातलं औषध कमी होऊ नये म्हणून ते प्रत्येक बाटलीत टाकावे लागतात. कुपी प्रयोगशाळाच पाठवते.